छायाचित्राखालची ओळ

क्रुसावरील ख्रिस्ताच्या मस्तकावर चार लॅटिन अक्षरांची पाटी आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. संत योहान सांगतो की, पिलाताने लावलेला तो लेख हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होता आणि मुख्य याजकांनी त्याला हरकत घेतली. हा यहुद्यांचा राजा आहे असे न लिहिता, तो स्वतःला राजा म्हणवीत होता एवढेच लिहावे, ही त्यांची मागणी पिलाताने फेटाळली. दृश्य तेच राहणार होते. परंतु दृश्यावरचे शब्द पाहणाऱ्याचे मन वळवतात, हे याजक पुरते ओळखून होते.

एकोणिसाव्या शतकात छायाचित्रकला आली आणि हाच प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला. त्याचे एक उदाहरण आम्हांला फार बोलके वाटते. डब्लिन येथे १८४५ साली जन्मलेले थॉमस बर्नार्डो हे प्रॉटेस्टंट सेवाव्रती. लंडनच्या स्टेपनी भागात १८७० साली त्यांनी निराधार मुलांसाठी वसतिगृह उघडले आणि १८७४ पासून तेथे येणाऱ्या मुलांची छायाचित्रे काढण्याची व्यवस्था केली. त्यांतील काही छायाचित्रे जोडीने छापून कार्याच्या मदतीसाठी विकली जात. एका कार्डावर फाटक्या कपड्यांतला मुलगा, दुसऱ्यावर तोच मुलगा नीटनेटक्या वेषात काम करताना. खाली शब्द असत ते अशा आशयाचे: एके काळचा भटका, आताचा छोटा कामगार.

कॅमेरा क्षण टिपतो. काळ आणि कारण त्याला दाखवता येत नाहीत. 'एके काळी' आणि 'आता' या दोन शब्दांनी दोन चित्रांमध्ये कित्येक महिन्यांचे अंतर निर्माण केले आणि त्या बदलाचे श्रेय संस्थेला दिले. टीकाकारांचा आक्षेप असा की, मुलांची दुरवस्था मुद्दाम वाढवून दाखवली जाते. हे व इतर आरोप १८७७ साली लवादापुढे आले. आपण एकेका मुलाचे नव्हे, तर निराधार मुलांच्या संपूर्ण वर्गाचे चित्र दाखवत होतो, अशी बर्नार्डोंची बाजू होती. लवादाने त्यांच्या कार्याला बहुतांशी निर्दोष ठरवले. मात्र कल्पनेने रचलेले चित्र वस्तुस्थिती म्हणून दाखवणे नीतीला धरून नाही, असा ठपका ठेवला.

वाचकहो, हेतू वाईट नव्हता. उपाशी मुलांना खरोखरच अन्न व आसरा मिळत होता. तरीही चित्रातल्या मुलाला विचारणारे कोणी नव्हते. 'भटका' हे नाव त्याने स्वतः घेतलेले नव्हते.

याच संस्थेत छायाचित्रांचा दुसरा उपयोगही झाला. १९०५ साली बर्नार्डो निवर्तले तोवर मुलांची सुमारे ५५ हजार छायाचित्रे जमली होती. दप्तरातील नोंदींमुळे त्यांतील मुलांची ओळख टिकली. पुढे त्यांचे वंशज आपल्या पूर्वजांचा शोध घेत तेथवर पोहोचू शकले. विक्रीच्या कार्डावरील शब्दांनी मुलाला नमुना केले होते, नोंदवहीतील शब्दांनी त्याला माणूस म्हणून जपले.

आपल्या धर्मग्रामांतही मदतीच्या आवाहनांबरोबर गरिबांची छायाचित्रे छापली जातात. त्यांखाली ओळ लिहिताना एवढे पाहावे: हेच मूल उद्या मोठे होऊन ती ओळ वाचील, तेव्हा त्याला ती खरी वाटेल काय, आणि मान खाली न घालता ती वाचता येईल काय?