मुंबईतील झोपडपट्टी, नोंदणीची तारीख आणि पाणी

मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या दैन्याचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ झाले आहे; त्या दैन्यात सरकारी दप्तराचा वाटा किती, याची चिकित्सा त्या मानाने थोडी झाली. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तेव्हापासून वस्ती पाडणे हीच सुधारणा, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. 1971 च्या महाराष्ट्र अधिनियमाने जागच्या जागी नळ, संडास व गटारे पुरविण्यास कायद्याचा आधार दिला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही.

तथापि जानेवारी 1976 मध्ये झोपड्यांची शिरगणती होऊन फोटोपास दिले गेले आणि रहिवाशांत एक नवी उतरंड निर्माण झाली. पास म्हणजे अभय, असेही नव्हे. पालिकेनेच पूर्वी वसविलेली मानखुर्दजवळची जनता कॉलनी त्याच वर्षी मे महिन्यात अणुसंशोधन केंद्रासाठी उठविण्यात आली व तिचे रहिवासी चीता कॅम्पात गेले. 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला. पर्यायी जागेचे आश्वासन मात्र मुख्यतः 1976 च्या गणनेत नोंदलेल्यांपुरते राहिले.

पुढे 1 जानेवारी 1995 ही तारीख आली. 1996 च्या शासकीय परिपत्रकान्वये त्यानंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारले गेले. पुनर्वसनास तारीख लावणे एक वेळ समजता येते. पाण्यास ती लावण्याचे समर्थन प्रस्तुत लेखकास सापडत नाही. तारखेमुळे तहान थांबली नाही, पाणी महाग मात्र झाले. शेजारच्या वस्तीतून पिंपाच्या भावाने विकत घेतलेले पाणी पालिकेच्या दराच्या कित्येक पट पडे, आणि ते आणण्याचा भार मुख्यतः स्त्रिया व मुलींवर येई. 1892 पासून शहरास पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या नळांलगतच अशा वस्त्या उभ्या होत्या, हे येथे नमूद केले पाहिजे.

डिसेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने घराच्या वैधतेपासून पाण्याचा हक्क वेगळा केला. त्यानुसार 2017 साली पालिकेने धोरण आखले. परंतु पदपथावरील वस्त्या त्यातून वगळल्या. या कालखंडाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने न्यायनिर्णयांइतकेच विभाग कार्यालयांत फेटाळलेले नळजोडणीचे अर्जही तपासावेत.