घाटातला उलटा सांधा

शाळेच्या आठवणी या स्मरणिकेत अनेकजण लिहितील आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून मी आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या एका गोष्टीचा इतिहास लिहायचे ठरवले. आपण कर्जतची मुले. गाडीला मागून इंजिने लागतात हे आपल्याला पाढ्यांच्या आधी कळले. ‘बँकर लागला’ हे वाक्य बाहेरगावच्या पाहुण्यांना समजावून सांगताना आपली छाती उगाच फुगायची. पण पाहुण्यांचा दुसरा एक प्रश्न असायचा आणि त्याचे धड उत्तर आपल्यापैकी फार थोड्यांकडे होते. पुण्याहून येणारी गाडी घाट उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी का थांबते? तिथे कोणी चढत नाही, उतरत नाही, चहासुद्धा मिळत नाही. ‘सिग्नल नसेल’ असे सांगून आपण वडा पुढे करायचो.

उत्तर रुळांत आहे. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जिथे वळते, त्या जागेला रेल्वेच्या मराठीत सांधा म्हणतात. सांधा फिरवणारा तो सांधेवाला. बाकी ठिकाणी मुख्य मार्गावरचा सांधा एरवी सरळ, म्हणजे गाडीला जायचे असते त्या रस्त्याला लावलेला असतो. घाटाच्या उतारावर काही ठिकाणी तो मुद्दाम उलटा असतो. मुख्य मार्ग बंद आणि रस्ता एका आडवाटेला लावलेला. ही आडवाट डोंगराच्या अंगाला चढत जाते आणि पुढे संपते. तिला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी सांध्याच्या अलीकडे थांबली आणि ती ताब्यात आहे याची खात्री पटली, की मगच सांधा फिरतो, सिग्नल मिळतो आणि गाडी मुंबईकडे निघते. जी गाडी थांबूच शकत नाही, तिच्यासाठी कोणालाही धावपळ करावी लागत नाही. ती आपोआप आडवाटेला जाते आणि चढावर दमून थांबते.

म्हणजे घाट येणाऱ्या प्रत्येक गाडीला सुटलेली गाडी समजतो. आपण सुटलेलो नाही हे सिद्ध करणे गाडीचे काम.

इतका अविश्वास कशासाठी, हे समजायला घाटाचा जन्म पाहावा लागतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण ठाण्याला जाण्यासाठी कोणी रेल्वे कंपनी काढली नव्हती. सह्याद्री ओलांडून दख्खनचा कापूस बंदरावर आणायचा, हा हेतू होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले हा रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्याच्या पुढे दोन घाट होते, बोरघाट आणि थळघाट. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट, म्हणजे ५५८ मीटर चढायचे. वाटेत २५ बोगदे आणि ८ मोठे पूल. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १. कसारा आणि इगतपुरीमधला थळघाट १८६५ मध्ये खुला झाला, तिथेही चढ ३७ ला १ एवढाच.

हे काम कोणी केले? एका वेळी ४० हजारांहून अधिक मजूर डोंगरावर होते. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात पाण्याचे हाल, आणि पटकी व तापाने किती गेले याची नीट मोजदाद नाही. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. त्याच्या काळात, १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी त्याने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजारी पडून वारला. मग कंत्राट त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने पुढे चालवले. तिने जाणकार व्यवस्थापक नेमले आणि घाट पूर्ण करून दाखवला. इंजिनीअरिंग कॉलेजात आमच्या वर्गात मुली मोजक्याच होत्या. तेव्हा हे नाव मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. म्हणून इथे, आता शाळेत असलेल्या मुलींसाठी, मुद्दाम लिहिते.

३७ ला १ हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. ३७ मीटर चाललात की एक मीटर वर. रस्त्यावर एवढा चढ स्कूटरला जाणवतही नाही. पण रेल्वेत लोखंडाचे चाक लोखंडाच्या रुळावर असते. गाडी थोड्या जोरात इतकी ओढता येते ती याच गुळगुळीतपणामुळे, आणि उतारावर तोच गुळगुळीतपणा उलटतो. विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर करून घेतली असती अशी दोन गणिते करू.

पहिले गणित. समजा १,००० टनांची गाडी लोणावळ्याकडून कर्जतला उतरते आहे. ५५८ मीटर उंचीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा सुमारे १,५०० युनिट विजेएवढी भरते. एखाद्या साध्या घराला वर्षभर पुरेल एवढी. घाट उतरताना ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ब्रेकने जिरवली तर चाके तापतात. आजची नवी इंजिने तिच्यातला बराच भाग पुन्हा वीज करून तारेत परत पाठवतात. पण कशीही असो, जिरली पाहिजे. नाही जिरली तर तिचा वेग होतो. ब्रेक अजिबात नसलेला डबा ३७ ला १ उतारावर सुटला, तर पहिल्या एका किलोमीटरमध्ये, साधारण दीड मिनिटात, त्याचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास जातो.

दुसरे गणित आडवाटेचे. ताशी ३० किलोमीटरने सुटलेली गाडी नुसत्या चढावर थांबवायची तर तिला साधारण साडेतीन मीटर उंच चढू द्यावे लागते. वेग ६० झाला तर उंची दुप्पट नाही, चौपट लागते, म्हणजे १४ मीटर. ३७ ला १ चढ धरला तर त्यासाठी अर्धा किलोमीटरहून लांब आडवाट हवी. घाटाच्या कड्यावर एवढी जागा आणायची कुठून? म्हणून रुळांवर वाळूही टाकतात, चाके तिच्यात रुततात. आणि म्हणूनच पायथ्याशी एकच मोठी सायडिंग न करता वाटेत अनेक केली आहेत. सुटलेली गाडी वेग घेण्याआधीच पकडायची. जितक्या लवकर अडवाल तितके स्वस्तात सुटाल.

सुटलेले डबे काय करतात याचा सर्वांत दुःखद धडा आयर्लंडमध्ये मिळाला. १२ जून १८८९ रोजी आर्मा गावाजवळ मुलांची सहल घेऊन निघालेली एक लांबलचक गाडी चढावर अडकली. गाडी दोन भागांत तोडून पुढचा भाग आधी न्यायचे ठरले. मागच्या डब्यांना गार्डच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड एवढाच आधार राहिला. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होते, पण ते असे होते की नळी जोडलेली असेल तरच लागायचे. गाडी तोडली आणि मागच्या डब्यांचे ब्रेक गेले. डबे उतारावरून मागे धावले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत बरीच मुले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला. प्रवासी गाडीला असे ब्रेक हवेत की नळी तुटली तर ते आपणहून लागले पाहिजेत.

कॅच सायडिंग आणि हा ब्रेक, दोन्हींमागे एकच विचार आहे. बिघाड झाला की व्यवस्था आपोआप सुरक्षित बाजूला पडली पाहिजे, कोणी येऊन वाचवण्याची वाट बघता कामा नये. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला मोठी नावे देतो. घाटातल्या सांधेवाल्याला तो रोजचा कामाचा नियम होता.

बोरघाटातही बदल होत गेले. सुरुवातीला खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या बाजूला लागायचे आणि गाडी उलट दिशेने निघायची. १८६७ च्या जुलैमध्ये घाटातला एक मोठा पूल कोसळला. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून रिव्हर्सिंग स्टेशन टाळले गेले, आणि त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या आल्या. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या इंजिनाला लाडाने ‘खेकडा’ म्हटले, ते याच काळातले. पुढच्या वर्षी १ जूनला डेक्कन क्वीन सुरू झाली. इंजिने बदलली, ब्रेक बदलले, केबिनमधले दांडे जाऊन बटणे आली. बदलली नाही ती एकच गोष्ट, ३७ ला १.

ज्यांना छोट्या रेल्वेचा छंद आहे त्यांच्यासाठी थोडे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी मुलांना दाखवले असेल. मी घरी १:८७ या प्रमाणात काम करते. या प्रमाणात सगळा बोरघाट करायचा तर २८७ मीटर लांबी आणि सहा मीटरहून जास्त उंची लागेल, म्हणजे सोसायटीची परवानगी काढावी लागेल! म्हणून मी फक्त एक सायडिंग केली आहे. बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे, ते विलायती मापाचे असतात. आपला ब्रॉडगेज या प्रमाणात १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो, पण घरी येणारे पाहुणे पट्टी घेऊन येत नाहीत. एक गोष्ट मात्र चुकवू नका. मॉडेलमध्ये बहुतेकजण सांधा सरळ ठेवतात आणि सायडिंग शोभेला. त्याला स्प्रिंग अशी लावा की वीज गेली तरी तो आडवाटेलाच पडेल. आडवाटेला चढ द्या, शेवटी बारीक वाळू टाका. मग वरून एक डबा सोडून बघा. बघणारी मुले ते तत्त्व एका मिनिटात समजतात.

आता मुद्द्यावर येते. ‘इतक्या वर्षांत इथे काही झाले नाही, मग गाडी रोज कशाला थांबवायची, पाच मिनिटे वाचतील’ असे गाडीतले सहप्रवासी म्हणतात. माझ्या कामातही हेच ऐकू येते. एका प्रकल्पात पैशाच्या व्यवहारांवर आम्ही एक तपासणी ठेवली होती. तीन वर्षांत ती एकदाही वाजली नाही. ‘मग ती काढून टाका, काम जलद होईल’ अशी सूचना आली. बैठकीत मी उत्तरादाखल रुळांचा इतिहास सांगितला.

इंग्लंडमध्ये चढाच्या मार्गांवर जागोजागी कॅच पॉइंट्स असत. आपल्या सायडिंगपेक्षा साधे: स्प्रिंगचा सांधा, चढणारी गाडी त्याची पाती दाबून पुढे जाणार, पण कपलिंग तुटून मागे येणारे डबे तिथे रुळांवरून उतरणार. पूर्वी तिथल्या मालडब्यांना सलग ब्रेक नसायचे, म्हणून ते लागत. पुढे सगळ्या मालगाड्यांना ब्रेक आले आणि तिथल्या रेल्वेने यातले बहुतेक सांधे काढून टाकले. ते बरोबरच केले. पण ते वापरले जात नव्हते म्हणून काढले नाहीत. ज्या कारणासाठी बसवले होते ते कारणच उरले नाही म्हणून काढले. निकामी बसलेली वस्तू आणि निरुपयोगी वस्तू यांत एवढा फरक आहे.

बैठकीत मी एवढेच विचारले, की आपला उतार सपाट झाला आहे का? झाला नव्हता. तपासणी राहिली. ती अजूनही वाजलेली नाही आणि मी त्याबद्दल समाधानी आहे.

आपल्या वर्गातल्या काहींचे वडील रेल्वेत होते. कोणी केबिनमध्ये, कोणी गँगमध्ये, कोणी बँकरवर. धो धो पावसात, धुक्यात, घाटातल्या एकाकी केबिनमध्ये रात्रपाळी करून ते सकाळी घरी यायचे. ‘काय झाले आज?’ असे विचारले तर ‘काही नाही’ म्हणायचे आणि झोपायचे. आम्हा मुलांना वाटायचे, किती कंटाळवाणे काम. आज कळते, की ते ‘काही नाही’ हेच त्या रात्रीचे काम होते, आणि ते त्यांनी चोख केले होते. त्यांच्यापैकी जे या मेळाव्याला येतील, त्यांच्या पाया पडायला मी येणार आहे.