सायकलचे जनित्रचलित दिवे
सायकलचे जनित्रचलित दिवे : फिरत्या चाकाच्या यांत्रिक ऊर्जेचा काही भाग विद्युत् ऊर्जेत रूपांतरित करून प्रकाश देणारे दिवे. त्यांना विद्युत् घटाची (बॅटरीची) गरज नसते. स्वाराचे श्रम हाच त्यांचा ऊर्जास्रोत होय. मात्र प्रकाश गतीवर अवलंबून असल्याने सायकल थांबताच तो नाहीसा होतो. ही उणीव व स्वारावर पडणारा जादा भार कमी करण्याच्या प्रयत्नांतूनच या दिव्यांचा विकास झालेला आहे.

एकोणिसाव्या शतकात सायकलींना तेलाचे दिवे लावीत. शतकाच्या अखेरीस कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकवून मिळणाऱ्या ॲसिटिलीन वायूचे दिवे प्रचारात आले. त्यांचा प्रकाश प्रखर असे. पण पाण्याचे प्रमाण सांभाळणे व उरलेला चुन्याचा गाळ काढणे ही कामे त्रासाची होती. कोरड्या विद्युत् घटांचे दिवे सुटसुटीत होते, तथापि घट वारंवार बदलावे लागत.

मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर सायकलचे जनित्र चालते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलकरिता विद्युत् दिव्यांचा संच बाजारात आणला. पुढे सर्वत्र रूढ झालेल्या बाटलीच्या आकाराच्या जनित्रात टायरच्या कडेला टेकलेल्या लहान चाकामुळे चुंबक फिरतो व वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह प्रत्यावर्ती (दिशा आलटून पालटून वाहणारा) असला, तरी ‘डायनामो’ हेच नाव महाराष्ट्रातही रुळले. वेग वाढला की प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) वाढते व त्याबरोबर वेटोळ्याचा विरोधही वाढतो. त्यामुळे प्रवाह आपोआप मर्यादित राहतो. ६ व्होल्ट व ३ वॉट हे प्रमाण पुढे रूढ झाले. त्यांपैकी २·४ वॉट पुढील व ०·६ वॉट मागील दिव्यास मिळत. एक दिवा जळाला की सर्व प्रवाह दुसऱ्यात जाऊन तोही जळण्याची भीती असे. घर्षणाने पायांवर ताण पडे आणि पावसात जनित्राचे चाक टायरवरून घसरून दिवा मंदावे.

घर्षण टाळण्यासाठी जनित्र चाकाच्या तुंब्यातच (हबमध्ये) बसविण्यात आले. इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० नंतरच्या दशकात ‘डायनोहब’ हे असे जनित्र आणले. चाक सावकाश फिरत असल्याने त्यातील वलयाकार चुंबकास अनेक ध्रुव ठेवलेले असत. सायकल थांबल्यावर दिवे चालू राहावेत म्हणून त्याला कोरड्या घटांची जोड देण्याची सोयही होती. म्हणजे टाळू पाहिलेला घट पुन्हा आलाच. डायनोहबचे उत्पादन १९८४ मध्ये बंद झाले. तुंब्यातील जनित्रांना १९९० नंतर पुन्हा मागणी आली.

थांबल्यावरच्या अंधाराचा प्रश्न मुख्यतः दोन घटकांनी सुटला. प्रकाश-उत्सर्जक द्विप्रस्थ (एलईडी) अल्प शक्तीत पुरेसा प्रकाश देऊ लागले व धारित्रात (विद्युत् भार साठविणाऱ्या साधनात) साठलेली ऊर्जा त्यांना काही मिनिटे पुरू लागली. चौकात थांबलेला स्वार मागून येणाऱ्या वाहनास दिसणे त्यामुळे शक्य झाले.

काही दिव्यांत चाकाच्या आऱ्यांवर चुंबक व आसाजवळील दिव्यात वेटोळे बसवितात. त्यांत काहीच घासत नसल्याने दिवा दिवसाही चालू ठेवता येतो. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात २००४-०५ मध्ये सु. ३,८०० सायकलस्वारांवर अशा दिव्यांचा प्रयोग करण्यात आला. दिवे लावलेल्या गटात, अपघात होऊन इजा होण्याचे प्रमाण सु. १९ टक्क्यांनी कमी आढळले. अपघातांची माहिती स्वारांनीच दिलेली असल्याने हा निष्कर्ष जपून घ्यावा लागतो.

जर्मनीत सायकलला जनित्र असण्याचे कायदेशीर बंधन अनेक दशके होते. २०१३ मध्ये विद्युत् घटांवरील दिव्यांनाही मुभा मिळाली. पुन्हा भारित करता येणाऱ्या घटांमुळे आता जनित्राला समर्थ पर्याय आहे. तरीही ज्याचा घट ऐनवेळी संपत नाही व जो घरी विसरला जात नाही, असा दिवा म्हणून नित्य व दूरच्या प्रवासात जनित्रचलित दिव्याचे महत्त्व टिकून आहे.