केशवपन, केमोथेरपी आणि स्त्रीचे केस

केमोथेरपीतील केसगळती वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ गौण व तात्पुरता दुष्परिणाम मानली. महाराष्ट्रातील स्त्रीला मात्र तिचा अर्थ इतिहासाने दिला आहे. ब्राह्मण व तत्सम जातींत विधवेचे केशवपन सक्तीचे होते. त्याविरुद्ध १८९० मध्ये महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी संप केला. रूढी सरली, मुंडित मस्तक आणि वैधव्य यांची सांगड मात्र लोकमानसात टिकली. केस जाण्याच्या भीतीने उपचारच नाकारणाऱ्या स्त्रियांना केवळ सौंदर्यासक्त ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होय.

डोक्याची त्वचा थंड ठेवल्यास रक्तवाहिन्या आकुंचन पावून केशमुळांपर्यंत औषध कमी पोहोचते. टाटा मेमोरियल केंद्राच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे केस या पद्धतीने टिकले. परंतु थंड टोपी औषधाच्या आधी, दरम्यान आणि नंतरही घालावी लागते. जालना जिल्ह्यातून उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर वा मुंबई गाठणाऱ्या शेतमजूर स्त्रीला हे वाढीव तास आणि वाढीव खर्च कसे पेलावेत? राज्याच्या आरोग्य योजनेला २०१७ पासून फुल्यांचेच नाव आहे. केस राखणे हा उपचाराचा भाग की हौस, हे तिच्या आखणीतच ठरावयाचे आहे. आणि ते ठरविताना रुग्ण स्त्रीला कोणी विचारणार काय?