धानाच्या रोगाचा फोटो मोबाईलवर उघडत नाही, तेव्हा काय करावे?

धानावरील रोग-किडींच्या पानांवर मजकूर येतो, पण फोटोच्या जागी कोरी चौकट किंवा गोल फिरणारे चिन्ह राहते, अशी तक्रार खरीप हंगामात हमखास येते. तक्रार छोटी वाटते, पण मराठीत धानाच्या दोन वेगळ्या रोगांना आपण 'करपा' म्हणतो. एक बुरशीचा, दुसरा जिवाणूचा म्हणजे कडा करपा. फोटो न दिसता नुसते शीर्षक वाचले तर दोन्ही एकच वाटतात. लाखांदूर तालुक्यातील एका शेतकरी बंधूंनी असेच शीर्षक वाचून बुरशीनाशक आणले आणि आठवड्यात दोनदा फवारले. बांधीत रोग होता कडा करपा. बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही. पैसे गेले, रोग पुढे सरकला.

फोटो न उघडण्याचे सर्वात मोठे कारण नेटचा वेग हेच असते. रोजचा डेटा संपला की बहुतेक पॅकमध्ये नेट पूर्ण बंद होत नाही, वेग 64 केबीपीएसवर येतो. त्या वेगात 20 केबीचा मजकूर दोन-तीन सेकंदांत येतो, 300 केबीच्या फोटोला सुमारे 40 सेकंद लागतात आणि 2 एमबीच्या फोटोला चार मिनिटांहून जास्त. तेवढ्यात आपण पान बंद केलेले असते. म्हणून आधी डेटा शिल्लक आहे का ते पाहावे. मग तेच पान बांधावर, मोकळ्या जागेत उघडून पाहावे.

वेग चांगला असूनही फोटो येत नसेल तर दुसरी एखादी वेबसाइट उघडा. तिथेही फोटो दिसत नसतील तर दोष फोनमध्ये आहे. डेटा सेव्हर चालू असल्यास बंद करा. ऑपेरा मिनीसारख्या ब्राउझरमध्ये डेटा वाचवण्यासाठी फोटो बंद ठेवण्याची सोय असते, ती कोणीतरी चालू करून ठेवलेली असू शकते. फोनची तारीख आणि वेळ बरोबर आहे का तेही बघा. बॅटरी पूर्ण उतरून फोन बरेच दिवस पडून राहिला की कधी तारीख मागे जाते आणि मग सुरक्षित जोडणी नाकारली जाते. कधी पूर्ण पान, कधी फक्त दुसऱ्या सर्व्हरवर ठेवलेले फोटो अडतात. ब्राउझर जुना असेल तर नव्या प्रकारच्या फोटो फाइल त्याला वाचता येत नाहीत, तो अपडेट करावा. अँड्रॉइड 7 किंवा त्याआधीच्या फोनवर काही वेबसाइट उघडतच नाहीत. त्यावर वेळ न घालवता घरातील दुसरा फोन घ्यावा.

इतर वेबसाइटचे फोटो दिसतात आणि एकाच पानाचे दिसत नाहीत, तर दोष त्या पानाचा. फोटो हलवलेला किंवा काढलेला असतो. आपल्याकडून काही होणार नाही, फक्त कळवावे. मात्र तुटक्या चित्राच्या चिन्हाशेजारी कधी एक ओळ दिसते, ती जरूर वाचा. फोटोत काय आहे ते तिथे लिहिलेले असते.

व्हॉट्सॲपवर आलेला जुना फोटो उघडत नसेल तर पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवावा, वारंवार दाबून उपयोग नाही.

एवढे करूनही फोटो दिसला नाही तर फवारणी थांबवा आणि बांधीत उतरा. बुरशीजन्य करप्याचे ठिपके दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये फुगीर, डोळ्याच्या आकाराचे असतात. मध्यभाग राखाडी, कड तपकिरी. कडा करप्यात ठिपके नसतात. पानाचे टोक आणि कडा नागमोडी रेषेत पिवळ्या, पुढे तणसासारख्या होत येतात. शंका राहिल्यास हिरवा आणि पिवळा भाग जिथे मिळतो तिथला पानाचा तुकडा कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात उभा धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणू. ग्लास उजेडाकडे धरून बघावा, नाहीतर धार नजरेतून सुटते. दोन्ही करप्यांत युरियाचा हप्ता मात्र थांबवायचा. हिरवेपणा आणण्यासाठी युरिया टाकण्याचा मोह होतो आणि रोग वाढतो.

बांधीच्या मध्ये गोल चट्टा जळाल्यासारखा दिसला तर त्यालाही लोक 'करपला' म्हणतात. तिथे पाने न बघता धुऱ्यावरून खाली वाका, चूड बाजूला करून पाण्यालगतचा बुंधा पाहा. तुडतुडे तिथेच बसलेले असतात. गाभ्याचे पान वाळून ओढताच सहज निघाले तर खोडकिडा. कांद्याच्या पातीसारखी चंदेरी पोंगळी आली तर गादमाशी, त्या फुटव्याला लोंब येत नाही.

कृषी सहायक आणि कृषी मित्रांना एक विनंती. गटात फोटो टाकताना खाली रोगाचे पूर्ण नाव आणि दोन ओळींत लक्षण लिहा, म्हणजे फोटो न उघडणाऱ्यालाही कळेल. 'करपा' एवढेच लिहू नका, 'बुरशीजन्य' की 'कडा' ते लिहा. शेतकऱ्याकडून फोटो मागवताना एक पूर्ण चुडाचा आणि एक पानाचा जवळून मागवा. सावलीत, हाताचा तळवा मागे धरून काढलेला फोटो स्पष्ट येतो.

या पाचही रोग-किडींचे फोटो रोवणीआधीच, नेट चांगले असेल तिथे, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर उघडून स्क्रीनशॉट घेऊन ठेवावेत. गॅलरीतला फोटो बांधीत नेटशिवाय दिसतो. तोही नसेल तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर सकाळी 6 ते रात्री 10 या वेळेत फोन करून वरील लक्षणे तोंडी सांगता येतात, किंवा रोगट चूड मुळासकट उपटून साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात नेता येतो. चूड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये, कागदात गुंडाळून त्याच दिवशी न्यावा.