ऐकण्याचा परवाना, बोलण्याची बंदी

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावीही आता राऊटरची पेटी घरात दिसू लागली आहे. पेटी आपल्या घरात, वीजही आपली. तिच्या आतल्या कळा मात्र बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीच्या हाती. बाहेरचे हवे तेवढे वाचावे, पाहावे. पण आपल्याच संगणकावर चार लेख ठेवून जगाला ते तिथून वाचू द्यावेत म्हटले, तर पुष्कळदा वाट बंद असते. अनेक घरे एकाच सार्वजनिक आयपी पत्त्याआड असल्याने बाहेरच्याला आपले दार सापडत नाही. पत्त्यांची टंचाई खरी आहे, हे मान्य. परंतु घरातल्या यंत्राने ऐकावे, बोलू नये, ही व्यवस्था आपल्याकडे टंचाईतून जन्मलेली नाही.

1885च्या तार कायद्याने संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे घेतला. 1927 साली मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हा श्रोत्याला वर्षाला 10 रुपये भरून परवाना घ्यावा लागे. 1933च्या कायद्याने विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. प्रक्षेपणाची मुभा मोजक्या हौशी मंडळींना होती. 1939मध्ये युद्ध सुरू होताच तीही गेली.

या पार्श्वभूमीवर 1942चा काँग्रेस रेडिओ पाहावा. त्याच्या धाडसाच्या कथा वाचकांना ठाऊक असतील. आम्हांला महत्त्वाची वाटते ती गरज. वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला होता, आकाशवाणी सरकारची होती. मग उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत स्वतःचे प्रक्षेपण यंत्र उभारले. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींकडून सामग्री मिळाली, राममनोहर लोहियांचे पाठबळ लाभले. 27 ऑगस्टला 42.34 मीटरवर पहिला आवाज उमटला, 'हिंदुस्थानातून कुठून तरी'. जागा वरचेवर बदलावी लागे. आमच्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची वार्ता याच वाटेने बाहेर गेली. 12 नोव्हेंबरला पोलीस पोहोचले. उषाताईंना 4 वर्षांची शिक्षा झाली. यंत्र घडवणाऱ्या तंत्रज्ञानेच ठावठिकाणा सांगितला, असे म्हणतात. यंत्राचे ज्ञान एकाच माणसापाशी असणे किती महागात पडते!

स्वातंत्र्यानंतर कायदे राहिले. श्रोत्याचा परवाना 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकला, आणि तार कायद्याची जागा घ्यायला 2023चा दूरसंचार कायदा यावा लागला. मधल्या काळात 2005 साली मात्र एक लहानशी अधिसूचना निघाली, जिची चर्चा साहित्यवर्तुळात झाल्याचे आम्हांला आठवत नाही: 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची यंत्रे परवान्याविना वापरता येऊ लागली. वायफाय ज्या लहरींवर चालते त्यांतला हा एक पट्टा. म्हणजे दोन शेजाऱ्यांनी आपापले राऊटर एकमेकांना जोडले, तर एका घरातले हस्तलिखित दुसऱ्या घरी वाचता येते. मध्ये कंपनीची तार लागत नाही. कंपनीच्या पेटीत त्यासाठीच्या कळा सापडल्या नाहीत, तर स्वतःची पेटी विकत घेऊन तिच्यात ओपनडब्ल्यूआरटीसारखी मुक्त आज्ञावली घालता येते. पल्ला थोडा, फार तर गल्लीपुरता. पण त्या गल्लीत बोलण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नाही.