कल्पित संघराज्य आणि सैन्याची निष्ठा : मराठी विज्ञानकथेच्या संदर्भात

कल्पित राज्यसंस्था ही विज्ञानसाहित्याची जुनी सामग्री आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवर १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' मालिकेतील ग्रहांचे संघराज्य हे तिचे सर्वाधिक परिचित उदाहरण. या संघराज्याला सदस्य ग्रहांच्या प्रतिनिधींचे मंडळ आहे, अध्यक्ष आहे, ग्रहांना अंतर्गत स्वायत्तता आहे. आणि 'स्टारफ्लीट' नावाचे मध्यवर्ती आरमार आहे. हे आरमार स्वतःला लष्कर म्हणवून घेण्यास कचरते. संशोधन हे आपले पहिले कार्य, असे ते सांगते. पण युद्ध उभे राहिले की संघाच्या वतीने लढते ते तेच. 'डीप स्पेस नाइन' या पुढच्या मालिकेच्या जानेवारी १९९६ मध्ये प्रक्षेपित झालेल्या दोन भागांत आरमाराचा एक अॅडमिरल शत्रूच्या भीतीचे निमित्त करून पृथ्वीवर लष्करी अंमल बसवू पाहतो. बेत फसतो, कारण स्वकीय जहाजावर तोफा डागणारी नौका ते नष्ट करण्याची आज्ञा अखेरीस नाकारते. शत्रू कोण, हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. सैन्य कोणाचे, या प्रश्नावर कथनाचा सारा ताण उभा आहे.

मराठी विज्ञानकथेच्या मुख्य प्रवाहात अशा संघराज्याला केंद्रस्थान मिळालेले दिसत नाही. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या 'कृष्णविवर' या कथेला १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पारितोषिक मिळाले, तेव्हापासूनचा हा प्रवाह प्रयोगशाळा, परिषद, मंत्रालय आणि मध्यमवर्गीय घर यांच्या परिसरात वावरतो. विज्ञानप्रसाराची बांधिलकी हे त्याचे कारण म्हणून नेहमी दिले जाते. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, संघराज्याच्या कल्पनेची जागा मराठी मनात आधीच भरलेली होती. ती भविष्यात आणि अंतराळात नव्हती. पानिपत ते खडकी या अवकाशात होती. अमेरिकन कल्पनाशक्तीने आपले संविधान ताऱ्यांवर नेले. आपण आपले मोडलेले राज्यमंडळ भूतकाळातच दुरुस्त करीत बसलो.

नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. इतिहासाचे प्राध्यापक गायतोंडे एका निराळ्या जगात जाऊन पडतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निसटून गेलेली आहे. पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे, कंपनी काही किनारी ठाण्यांपुरती उरली आहे, दिल्लीचा बादशहा नामधारी आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे राज्यकर्ते पाश्चात्त्य विज्ञान ओळखतात आणि स्वतःची केंद्रे काढतात. पुढे पेशवे मागे सरतात व लोकनियुक्त सभा येतात. राज्यसंस्थेचे चित्र असे बऱ्यापैकी सविस्तर आहे. विश्वासराव आणि माधवराव हे बंधू मुत्सद्देगिरीने व पराक्रमाने सत्ता वाढवतात, हेही सांगितले आहे. मात्र फौजेच्या रचनेबद्दल कथा गप्प आहे.

हे मौन महत्त्वाचे का? पेशव्यांपाशी स्वतःची हुजुरात होती, पानिपतावर इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटणेही होती. परंतु मराठी राज्याच्या लष्करी बळाचा मोठा भाग सरंजामी होता. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांना मुलूख तोडून दिलेला. त्याच्या उत्पन्नातून त्यांनी फौज बाळगायची आणि बोलावणे आले की हजर व्हायचे. शिपायाचे वेतन जेथून येई तेथेच त्याची निष्ठा राही. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. म्हणजे संघाच्या एका घटकाने संघाच्या प्रमुखाला राजधानीच्या वेशीवर हरवले. बाजीराव वसईला गेले आणि ३१ डिसेंबरला २६ लाखांचा मुलूख तोडून देऊन त्यांनी तैनाती फौज पत्करली. मध्यवर्ती सत्तेला सरदारांवर अवलंबून नसलेली फौज अखेर मिळाली, ती कंपनीची! पुढच्या वर्षी शिंदे आणि भोसले इंग्रजांशी लढले तेव्हा होळकर अलग राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले तेव्हा ते एकटे होते. विश्वासराव जगल्याने यातले काय बदलले असते, हे कथेने दाखवायला हवे होते.

याउलट संस्था म्हणून सैन्य ही कल्पना आपल्याकडे अपरिचित होती असे नाही. तिची खूण पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात उभी आहे. शिवकालीन किल्ल्यांवरील व्यवस्था सभासदाने नोंदविली आहे : हवालदार, सरनोबत, सबनीस असे अधिकारी, अधिकार विभागलेला, एकट्याच्या हाती गड जाऊ नये याची दक्षता. कोरीगड आणि घनगड हे याच व्यवस्थेचे वारसदार. (याच मुळशीने १९२१ च्या सत्याग्रहातून पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली; पदवी लष्करी, हाताशी ना फौज ना राज्य. मराठीतील लष्करी शब्दांच्या प्रवासाचा तो स्वतंत्र विषय आहे.) मार्च १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कोरीगडाला वेढा घातला. शिबंदी काही दिवस झुंजली. मग तोफेचा एक गोळा दारूकोठारावर पडला, कोठार उडाले आणि गड खाली झाला. तोवर शिंद्यांनी नोव्हेंबर १८१७ मध्येच इंग्रजांशी तह केला होता, होळकर डिसेंबरात महिदपुरास हरले होते आणि खुद्द पेशवे मुलूखभर पळत होते. कोरीगडावरचा गोळा नेम चुकून दरीत गेला असता, तर वेढा आणखी काही दिवस लांबला असता, इतकेच. त्या चुकलेल्या नेमावर पर्यायी इतिहास लिहिता येत नाही. पानिपतावरच्या गोळीवर तो लिहिता येतो, कारण ती एका राजपुरुषाला लागली होती. आणि बखरीपासून आपले कथन राजपुरुषाभोवतीच फिरत आले आहे. इतिहासाची दिशा एका बिंदूवर फुटते हे दाखवण्यासाठी नारळीकर आधुनिक गणित आणि पुंजवादाचा आधार घेतात, तरी तो बिंदू निवडताना त्यांच्यातला बखरकारच जागा होतो.

कथेतला एकच प्रसंग याच्या पलीकडे जातो. आझाद मैदानावर सभा भरली आहे, व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी आहे. त्या जगात सभांना अध्यक्ष नसतोच. गंगाधरपंत सवयीने खुर्चीवर जाऊन बसतात आणि लोक खवळतात. समीक्षेने हा प्रसंग गंमत म्हणून सोडून देऊ नये. व्यक्तीवाचून चालणारी सत्ता येथे क्षणभर दिसते, आणि तिचा अर्थ नायकाला कळत नाही. गर्दी त्याच्यावर चालून येते आणि तो आपल्या जगात परततो. पुरावा म्हणून त्याच्या खिशात बखरीचे एक फाटके पान राहिलेले असते. त्यावर विश्वासरावांच्या कानाजवळून गेलेल्या गोळीची हकीकत आहे. सरंजामांची यादी त्या पानावर नाही.